दोन प्रसंगांपुरते लखुजी

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे निजामशाही सरदार लखुजी जाधवराव यांची भव्य समाधी उभी आहे. परंतु शिवचरित्रावरील नाटक-चित्रपटांत त्यांच्या वाट्याला बहुधा दोनच प्रसंग येतात. पहिला रंगपंचमीचा, ज्यात आपली बाल कन्या जिजाऊ आणि मालोजी भोसल्यांचा पुत्र शहाजी यांचा जोडा शोभतो असे ते थट्टेने म्हणतात आणि मालोजी तोच शब्द धरून बसतात. दुसरा खंडागळ्यांच्या बिथरलेल्या हत्तीचा, ज्यातून उसळलेल्या चकमकीत लखुजींचा पुत्र दत्ताजी आणि भोसल्यांचा संभाजी मारले जातात. पहिला प्रसंग उत्तरकालीन बखरींतून, म्हणजे घटनेनंतर फार काळाने लिहिल्या गेलेल्या गद्य इतिहासकथनांतून आला आहे. तरीही तो गाळला जात नाही, कारण सोयरीक आणि वैर एकाच वाक्यात उभे करणारा इतका आयता प्रसंग नाटककाराला दुसरा कोठे मिळणार?

रूपांतरात पात्र असे आक्रसणे नवे नाही. निन्टेन्डोच्या १९८५ मधील ‘रेकिंग क्रू’ या व्हिडिओ गेममध्ये मारिओचा प्रतिस्पर्धी असलेला मुकादम स्पाइक २०२३ च्या मारिओ अ‍ॅनिमेशनपटात नायकांचा जुना मालक म्हणून ओझरता येऊन जातो. तेथे फारसे काही बिघडत नाही. लखुजींच्या बाबतीत मात्र दख्खनचे राजकारणच गळून पडते.

सिंदखेड हे मोगलांचे बुऱ्हाणपूर आणि निजामशाहीचे दौलताबाद यांच्यामधील पट्ट्यात असल्याने तेथील देशमुख म्हणून लखुजींची निष्ठा दोन्ही दरबारांना मोलाची होती. १६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांकडे गेले, तेव्हा त्यांना व त्यांच्या आप्तांना मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वार अशी मनसब मिळाली. जात हा व्यक्तीचा दर्जा, तर स्वार हा घोडदळ बाळगण्याच्या जबाबदारीचा आकडा. पुढे ते निजामशाहीत परतले आणि जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस, भर दरबारात, अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतराव यांच्यासह मारले गेले. या हत्येनंतर शहाजींनी निजामशाही सोडून मोगलांची चाकरी पत्करली.

शिवचरित्राचा पडदा सहसा फेब्रुवारी १६३० मधील शिवजन्माने उघडतो आणि त्यापूर्वी साधारण सात महिने लखुजी संपलेले असतात. मग ते पूर्वकथेपुरतेच उरतात. २०१९ मधील ‘स्वराज्यजननी जिजामाता’ या मालिकेने जिजाऊंच्या बालपणापासून कथा सुरू केल्यामुळेच लखुजींना थोडा ऐसपैस वाव मिळाला.