मधपेटी आणि पाव इंचाची वाट

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, आपण सफरचंदाची फोड मधात बुडवून गोड वर्षासाठी प्रार्थना करतो. मधमाशी खाण्यास निषिद्ध, मग तिचा मध कोशेर कसा? तलमूदमधील बेखोरोत ग्रंथात (७ ब) याचे उत्तर आहे: माशी मध फुलांतून गोळा करून आणते, तो तिच्या अंगातून निपजत नाही. खाण्याचा प्रश्न असा सुटला. परंतु मध काढताना माश्यांच्या घराचे काय होते, हा दुसरा प्रश्न सुटायला फार काळ लागला, आणि तो सुटला सुतारकामाने.

आपल्या पवित्र शास्त्रातला ‘मध’ म्हणजे खजुराचा पाक, असे पुष्कळ विद्वान मानीत. २००७ साली इस्राएलमध्ये तेल रेहोव येथे प्रा. अमिहाय मझार यांच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मधमाश्यांची घरे ओळीने रचलेली सापडली. ती माती आणि पेंढ्याची, न भाजलेली नळकांडी होती. एका टोकाला माश्यांसाठी बारीक भोक, दुसऱ्या टोकाला माणसासाठी झाकण.

इथे इंग्लंडमध्ये मात्र शतकानुशतके पेंढ्याची उपडी टोपली वापरीत. आत पोळी टोपलीलाच चिकटलेली असत, त्यामुळे ती कापल्याशिवाय मध निघत नसे. शरद ऋतू आला की खड्ड्यात गंधक जाळून त्यावर टोपली ठेवीत आणि सगळ्या माश्या मारून मध घेत.

हे बदलले एका फटीने. १८५१ साली अमेरिकेत रेव्हरंड लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या पाळकांनी एक गोष्ट हेरली. पेटीत पाव इंचाहून कमी फट राहिली तर माश्या ती चिकट रोगणाने बुजवतात. तीन अष्टमांश इंचाहून अधिक राहिली तर तिथे पोळे बांधतात. या दोहोंच्या मधली असली तर तिला ये-जा करायची वाट म्हणून मोकळी ठेवतात. मग चौकटींभोवती तेवढीच वाट सोडली की प्रत्येक चौकट सुटी वर उचलता येते. मध काढावा, चौकट परत ठेवावी, घर शाबूत.

ब्रिटनमध्ये १८७४ साली मधपाळांची राष्ट्रीय संघटना निघाली आणि १८८२ साली तिने चौकटीचे एकच माप ठरवले: १४ इंच लांब, साडेआठ इंच उंच. पुढे विसाव्या शतकात ‘नॅशनल’ पेटी रूढ झाली. ती बाहेरून ४६० मिलिमीटर चौरस असते आणि खालच्या खणात ११ चौकटी बसतात. आम्ही शाळेत इंच-फुटांची कोष्टके पाठ केली आणि दशमान पद्धतही शिकलो. इथे दोन्ही कामास येतात.

माप एकच असल्यामुळे ही पेटी घरच्या पडवीतही बनते. करवत, रंधा, गुण्या, पटाशी, स्क्रू आणि पाण्याने न सुटणारा सरस एवढे पुरते. लाकूड शक्यतो तांबडा सीडार. तो हलका असतो आणि रंग न देताही पावसात टिकतो. पेटी जोडल्यावर सरस ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर पेटी काटकोनात आहे. ती तिरकी झाली तर एका बाजूची वाट अरुंद होते, माश्या ती बुजवतात आणि चौकट निघत नाही.

माशी लहान असली तर पेटीही लहान लागते. आपल्या कोकणातली सातेरी माशी युरोपीय माशीहून लहान. तिच्या जातीसाठी दक्षिण हिंदुस्थानात फादर न्यूटन यांनी १९१० नंतरच्या दशकात छोटी पेटी तयार केली.

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत. मुंबईला आल्यावर पुष्कळांनी सुतारकाम धरले. ज्यांच्या घरी आजोबांचा गुण्या अजून असेल, त्यांनी तो नातवंडांच्या हाती द्यावा आणि एक पेटी करून घ्यावी. शाना तोवा.