हलगीला नंबर नाही

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या पोरांच्या पिशवीत ऑक्टापॅडबरोबर एक केबल असते. तिचं एक टोक लॅपटॉपच्या यूएसबीत जातं आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल प्लग असतात, इन आणि आउट. नवखा वादक आउट लिहिलेला प्लग मशीनच्या आउटमध्ये खोचतो आणि लॅपटॉप मुका राहतो. बहुतेक केबलींत उलट करावं लागतं. मशीनमधून जे बाहेर पडतं ते केबलच्या 'इन'मध्ये शिरायला हवं. जोडणी जमली की पॅडवर काठी पडताच सॉफ्टवेअरमधला ड्रम वाजतो.

या केबलीतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो. या निरोपांच्या भाषेचं नाव मिडी. ठोक्यामागे तीन बाइट. पहिला सांगतो, अमुक चॅनेलवर वाजव. दुसऱ्यात ० ते १२७ मधला एक नंबर असतो, म्हणजे कुठलं वाद्य. तिसऱ्यात काठीचा जोर, तोही १२७ पर्यंतच. तार सेकंदाला ३१,२५० बिट वाहते, त्यामुळे एका ठोक्याच्या निरोपाला जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागतो. दोन पॅडवर एकदम काठ्या पडल्या तरी तारेत ते ठोके एकामागोमागच जातात. कानाला तो फरक कळत नाही, इतकंच.

या केबलीचं कूळ शोधत गेलं की आपण ओसाकाला पोचतो. इकुतारो काकेहाशी युद्धानंतर ऐन पोरवयात घड्याळं दुरुस्त करायला लागले. पुढे रेडिओ, मग ऑर्गन, मग आपोआप ताल धरणाऱ्या पेट्या. १९७२ साली त्यांनी रोलंड कंपनी काढली. १९८० ला आलेल्या टीआर-८०८ या ताल-मशीनवर मिडी नव्हतंच, कारण मिडीचा जन्म व्हायचा होता. मात्र दोन यंत्रं एका लयीत चालावीत म्हणून तिच्यावर 'सिंक'चं सॉकेट होतं. त्यातून जाई ती निव्वळ टिकटिक, एका बीटला २४ वेळा. दोनात, तिनात, चारात, सहात, आठात बिनबाकी वाटता येणारा हा आकडा. केरव्याला चालतो, दादऱ्यालाही चालतो.

त्या टिकटिकीतून काय उभं राहू शकतं, हे १९८२ साली मुंबईत दिसलं. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी ८०८ आणि रोलंडचंच टीबी-३०३ हे बेस-मशीन एका लयीत जोडलं आणि त्यावर ज्युपिटर-८ सिंथेसायझरवर तोडी, मालकंस, यमन असे दहा राग वाजवले. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ती एचएमव्हीची रेकॉर्ड. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस संगीताच्या कितीतरी आधी हा नाद मुंबईत घुमला होता, हे जगाला कळलं. आपल्या मुलखातल्या या कामाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण सिंकला सांगता येई ते एवढंच: चल, थांब, या लयीत रहा. कुठला ठोका, किती जोरात, हे सांगायची सोय नव्हती. शिवाय प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. सगळ्यांची तऱ्हा एकच असावी, हा विषय १९८१ मध्ये काकेहाशींनी अमेरिकेत सिंथेसायझर बनवणारे टॉम ओबरहाइम यांच्याजवळ काढला आणि तिथून तो सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांच्याकडे गेला. स्मिथ आणि चेट वुड यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात ध्वनी-अभियंत्यांपुढे त्यावर निबंध वाचला. यामाहा, कॉर्ग, कावाई चर्चेत आल्या आणि त्यातून मिडी ठरलं. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचं प्रॉफेट-६०० आणि रोलंडचं ज्युपिटर-६ एकमेकांना जोडलं गेलं आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या कंपन्यांची ही यंत्रं. वापरणाऱ्याकडून परवान्याचा पैसा घ्यायचा नाही असं ठरलं, आणि माझ्या मते सगळ्या कथेतला हाच मोठा निर्णय. जे फुकट होतं तेच पेठेपर्यंत पोचलं.

बाकीचे निर्णयही काटकसरीचे होते. ३१,२५० हा आकडा निघाला तो दहा लाखांना ३२ नं भागून, म्हणजे स्वस्त चिपच्या घड्याळातून. पाच पिनांचं गोल सॉकेट टेपरेकॉर्डरवर आधीच होतं, तेच उचललं. घेणाऱ्या यंत्रात निरोप प्रकाशाच्या झरोक्यातून आत येतो, तारांचा थेट संबंध येत नाही, म्हणून एकाची घरघर दुसऱ्यात शिरत नाही. एक खोच मात्र राहिली. जुनं सिंकचं सॉकेटही तसंच गोल, पाच पिनांचंच. ८०८ ला मिडीची केबल व्यवस्थित बसते आणि काहीच होत नाही. मिडी असलेलं रोलंडचं पहिलं ताल-मशीन म्हणजे १९८३ चं टीआर-९०९. १९८५ मध्ये अटारी एसटी हा कॉम्प्युटर मिडीची सॉकेटं अंगावर घेऊनच आला. त्याच साली रोलंडनं पहिला ऑक्टापॅड काढला, आठ पॅडचा, आणि त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता! तो निव्वळ निरोप धाडायचा.

आता हलगीकडे येतो. हलगी, खालचा ठोका देणारं घुमकं आणि कैताळ म्हणजे झांज, हा आपल्याकडचा कुस्तीच्या मैदानातला, मिरवणुकीतला संच. हलगीच्या मधोमध पडणारी काठी वेगळी बोलते आणि काठावर पडणारी वेगळी. कातडं जाळावर तापवलं की आवाज चढतो, गार झालं की उतरतो. १२७ पायऱ्यांत हे सगळं मावत नाही. २०२० च्या मिडी २.० मध्ये जोराच्या पायऱ्या ६५,५३६ झाल्या, तरी कातड्याची ऊब त्यातही नाही.

त्याहून मोठी अडचण नंबरांची आहे. १९९१ मध्ये 'जनरल मिडी' नावाची यादी ठरली. चॅनेल १० तालवाद्यांना दिला आणि ३५ ते ८१ असे ४७ नंबर वाटले. त्यात बोंगो आहे, काँगा आहे, ब्राझीलची कुइका आहे. इतर चॅनेलांवरच्या सूरवाद्यांच्या यादीत सतारीला १०५ आणि सनईला ११२ मिळाला. तबला, ढोलकी, हलगी मात्र कुठेच नाहीत. म्हणून ज्याला जसं सुचेल तसं तो पॅडवर हलगी बसवतो. एकाची फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की घुमक्याच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं.

हे पेठेतल्या वादकांनीच मिटवावं. माझी सूचना अशी: घुमकं ३६ वर, बास ड्रमच्या जागी, म्हणजे परक्या मशीनवरही खालचा ठोका खालीच राहील. हलगीचा मधला ठोका ३८ वर, स्नेअरच्या जागी. काठावरचा ३७ वर, कारण यादीत तिथे ड्रमच्या काठावरचाच ठोका आहे. कैताळ ४९ वर, झांजेच्या जागी. एवढे चार नंबर ठरले तर पेठेतल्या निवृत्ती चौकात बसवलेला ठेका पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत उघडला तरी घुमकं घुमक्याच्याच जागी वाजेल.