जुन्या गाडीचा आवाज सुधारायचाय? आधी दार बघा, टेप नंतर

बेळगाव : गाडी दहा-पंधरा वर्षं वापरलेली. इंजिन ठणठणीत, कागदपत्रं नीट, पण टेप लावला की गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं. मालक अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि पहिली वस्तू घेतो ती मोठ्या पडद्याचा टेप. पैसे जातात, आवाज मात्र जवळपास तोच राहतो. कारण जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा टेपमध्ये नसतो. तो दारातल्या फाटक्या स्पीकरमध्ये, हलणाऱ्या पत्र्यात आणि वायरच्या जोडात असतो. कामाचा क्रम चुकला तर पैसे वाया जातातच, शिवाय कच्च्या जोडामुळे गाडीला आग लागायची भीती राहते. म्हणून कुठल्या वस्तूवर आधी खर्च करायचा, हे समजून घेतलेलं बरं.

खरेदीच्या आधी तपासणी

टेपमधल्या बॅलन्स आणि फेडरने एकेक स्पीकर वेगळा करून ऐकावा. एखादा खरखरत असेल, तर त्याचा कागद फाटलेला असतो किंवा कडेचा फोम कुजलेला असतो. एखादा मध्येच बंद-चालू होत असेल, तर आधी त्याची पिन आणि जोड बघावा. गंज साफ केल्यावर पुष्कळदा तोच स्पीकर पुन्हा वाजू लागतो. दार उघड-बंद करताना आवाज तुटत असेल, तर बिजागरीजवळ वाकून वाकून तुटलेली वायर हे कारण असू शकतं. गाण्याची फाइलही तपासावी. मोबाइलवरून फिरत फिरत आलेली, आकाराने बारीक केलेली फाइल महागड्या स्पीकरवरही पातळच वाजते.

स्पीकर घेताना तीन गोष्टी

पहिली गोष्ट माप. गाड्यांत ४, ५.२५, ६ आणि ६.५ इंची गोल स्पीकर आणि मागच्या ट्रेवर ६ बाय ९ इंची लांबट स्पीकर सर्रास दिसतात. व्यासाइतकीच खोली महत्त्वाची. स्पीकर आत धरून काच पूर्ण खाली घेऊन बघावी. चुंबक काचेला लागत असेल तर तो स्पीकर त्या दारात चालणार नाही.

दुसरी गोष्ट ओहम. गाडीतल्या बहुतेक टेपना ४ ओहमचा स्पीकर लागतो. त्यापेक्षा कमी ओहमचा लावला किंवा एकाच वायरवर दोन समांतर जोडले, तर टेपच्या आतली आयसी गरम होऊन जाऊ शकते.

तिसरी गोष्ट संवेदनशीलता. खोक्यावर ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते, पण गिऱ्हाईक ती वाचत नाही. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतकं मोठं वाजायला दुप्पट वॅट लागतात. ज्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा नाही, त्याने जास्त संवेदनशीलतेचा स्पीकर निवडावा.

स्पीकरचे दोन प्रकार मिळतात. कोअ‍ॅक्सियलमध्ये ट्विटर मधोमध बसवलेला असतो. जुन्या जागी नवा लावला की काम संपतं. कंपोनंटमध्ये ट्विटर वेगळा असतो आणि तो आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर बसवतात. गाणाऱ्याचा आवाज मग पायाजवळून न येता समोरून येतो. भजन, नाट्यगीत, भावगीत ऐकणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. बजेट कमी असेल तर पुढच्या दोन दारांतच चांगले स्पीकर घालावेत. मागचे जुने तसेच ठेवले तरी बिघडत नाही.

दार हाच स्पीकरचा डबा

घरातल्या स्पीकरला लाकडी डबा असतो. गाडीत तेच काम दार करतं. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. स्पीकरच्या पाठीमागून निघणारा आवाज त्यातून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातला बेस खाऊन टाकतो. भोकं बंद करून पत्र्यावर ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट चिकटवली, की तोच स्पीकर भरदार वाजतो. पत्रा पूर्ण झाकायची गरज नाही. स्पीकरच्या मागचा भाग आणि हाताने वाजवल्यावर टणटण करणारी जागा झाकली तरी पुरते.

आपल्याकडच्या पावसात एक खबरदारी हवी. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ती खालची भोकं कधीच बुजवू नयेत, नाहीतर दार आतून गंजेल. ट्रिमच्या मागे असलेला प्लास्टिकचा कागद काही मिस्त्री काढून फेकतात. तो परत लावून घ्यावा, कारण पाणी गाडीच्या आत येऊ नये म्हणून तो असतो. स्पीकरखाली एमडीएफची रिंग बसवली तर ती ओलीने फुगते. प्लास्टिकची रिंग आणि रबरी कडेचा स्पीकर पावसाळ्यात टिकतो.

वॅटचा खरा हिशेब

टेपवर ‘५० वॅट गुणिले ४’ असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात मिळू शकणारी शक्ती गणिताने २६ वॅटच्या आसपास थांबते. प्रत्यक्षात ती १५ ते २० वॅट आरएमएस भरते. छापलेला ५० हा क्षणभराचा कमाल आकडा आहे. म्हणून तुलना करायची ती ‘आरएमएस’ या आकड्याची. खोक्यावर तो नसेल तर ती वस्तू घेताना विचार करावा.

आवाज पूर्ण वाढवला की टेपची ताकद संपते आणि गाणं फाटू लागतं. अशा फाटक्या आवाजाने ट्विटर जळतात. टेप तीन-चतुर्थांशच्या वर न्यावा लागत असेल, तर छोटा चार चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर घेणं बरं. सबवूफर असेल तर दाराच्या स्पीकरचा हाय-पास साधारण ८० हर्ट्झवर ठेवावा. खालचा बेस सबवूफर सांभाळतो आणि दारातला स्पीकर मोकळा वाजतो.

वायर आणि फ्यूज : इथे काटकसर नको

अ‍ॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीपासून येते. ती पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि काही सेकंदांत वायर पेटते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. फ्यूज डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावला तर मधली चार-पाच मीटर वायर उघडीच राहते. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, अ‍ॅम्प्लिफायर वाचवायला नव्हे. तो वारंवार उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे धोका वाढवणं.

वायरची जाडी हिशेबाने ठरते. २०० वॅट आरएमएसचा जुन्या पद्धतीचा एबी क्लास अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ३० अँपिअर ओढतो, तर डी क्लास १८ अँपिअरच्या आसपास. ३० अँपिअरला पाच मीटरपर्यंत शुद्ध तांब्याची ८ गेज वायर चालते. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. ती तेवढीच जाड दिसते, पण करंट कमी वाहते आणि जास्त तापते. घ्यायचीच तर एक साइज जाड घ्यावी. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. गाडीत एलपीजी किंवा सीएनजीची टाकी असेल तर पॉवरची वायर गॅसच्या नळीपासून लांब, स्वतंत्र पाइपमधून न्यावी.

कंपनीची मूळ वायरिंग कापू देऊ नये. त्या गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर बाजारात मिळतो; तो मध्ये लावला की एकही वायर न तोडता नवा टेप बसतो आणि गाडी विकताना जुना परत लावता येतो. बाहेरून घेतलेल्या टेपच्या वायरना ठरलेले रंग असतात. पिवळी बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. काळी रेघ असलेली जोडीदार वायर मायनस. गाडीच्या मूळ वायरिंगला मात्र हे रंग लागू नसतात, तिथे मीटर लावूनच खात्री करावी.

एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले तर दोन्ही मिळून वाजवताना बेस नाहीसा होतो. स्पीकर टेपपासून सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघावं. सेलचा प्लस ज्या टोकाला लावल्यावर कागद बाहेर सरकतो, ते टोक प्लस. इंजिनची गती वाढली की स्पीकरमधून ‘कुंई’ आवाज वाढत असेल, तर अर्थिंग कच्चं असतं किंवा सिग्नलची वायर पॉवरच्या वायरला चिकटून गेलेली असते. पॉवर एका बाजूने आणि सिग्नल दुसऱ्या बाजूने न्यावा.

बॅटरीची मर्यादा

छोट्या पेट्रोल गाड्यांत ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते. गाडी बंद ठेवून ५ अँपिअर ओढत गाणी ऐकली तर साधारण तीन तासांत ती निम्मी रिकामी होते. बॅटरी जुनी असेल तर त्याच्या आधीच स्टार्टर फिरायचा बंद होतो. घाटात, रात्री, रेंज नसलेल्या जागी ही वेळ येऊ नये. पिवळी आणि लाल वायर एकत्र बांधलेली असेल, तर चावी काढल्यावरही टेप थोडा करंट ओढत राहतो. दोन-चार दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होत नाही, त्यामागे हेही एक कारण असतं.

खर्चाचा क्रम

खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं. गाडी अजून किती वर्षं ठेवायची ते ठरवून, पुढच्या गाडीत काढून नेता येईल अशा वस्तूंवर पैसे घालावेत. पुढचे स्पीकर पहिले. दाराचं डॅम्पिंग आणि वायरिंग दुसरं. अ‍ॅम्प्लिफायर तिसरा, सबवूफर चौथा. टेप शेवटी, तोही जुन्यात ब्लूटूथ किंवा यूएसबी नसेल तर. जुन्या गाड्यांत बहुधा १७८ बाय ५० मिलिमीटरचा सिंगल डिन खाच असतो. १०० मिलिमीटर उंचीचा पडदा बसवायला डॅशबोर्ड कापावा लागत असेल तर तो मोह टाळलेला बरा.

बिल पक्कं घ्यावं. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंना विमा हवा असेल तर पॉलिसीत त्यांची किंमत वेगळी दाखवावी लागते. त्यासाठी आयएमटी २४ हे जोडपत्र असतं. सबवूफरचा डबा डिकीत पट्ट्याने बांधावा. दहा-पंधरा किलोचा सुटा डबा जोरात ब्रेक लागल्यावर सीटवर येऊन आदळतो. हॅचबॅकच्या पातळ ट्रेवर जड स्पीकर ठेवण्यातही तोच धोका आहे.

आवाज किती ठेवावा यालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. मागून येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येईल, तेवढाच आवाज रस्त्यावर योग्य.

काम झाल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी पाच मिनिटं काढावीत. बॉनेट उघडून फ्यूज कुठे आहे ते बघावं. चारही काचा खाली-वर कराव्यात. चावी काढल्यावर टेप बंद होतो का ते तपासावं. अर्धा तास वाजवल्यावर पॉवरच्या वायरला हात लावून बघावा. ती गरम लागली, तर गाडी तिथेच ठेवून वायर बदलून घ्यावी.