ब्रूइंग स्टँड म्हणजे काय? घरी बनवायचा विचार असेल तर आधी हे वाचा

‘ब्रूइंग स्टँड’ असं सर्च केलं की बऱ्याचदा आधी माइनक्राफ्टच समोर येतं. गेममधला स्टँड एक ब्लेझ रॉड आणि तीन कॉबलस्टोनमध्ये तयार होतो. खरा ब्रूइंग स्टँड म्हणजे मोठी पातेली आणि शेगड्या वेगवेगळ्या उंचीवर धरून ठेवणारी लोखंडी मांडणी. घरी बिअर बनवणारे परदेशी यूट्यूबर गॅरेजमध्ये वेल्डिंग करून जो सांगाडा दाखवतात, तो हाच. सुटे भाग आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात, त्यामुळे धावड्यात बसूनसुद्धा ऑर्डर टाकता येते. पण इथेच जरा थांबा.

महाराष्ट्रात हे चालतं का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार लायसन्सशिवाय दारू बनवता येत नाही, आणि यात बिअरही आली. ‘विकणार नाही, फक्त घरच्यासाठी आहे’ हे कारण चालत नाही. अनेकांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. कलम ६५ मध्ये फक्त दारू बनवणं गुन्हा नाही, तर दारू बनवण्यासाठी साहित्य, भांडी किंवा उपकरणं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. गावात हातभट्टीवर धाड पडल्याची बातमी आपण वाचतो, त्यात हेच कलम असतं. म्हणजे बिअरचा एक थेंब तयार झाला नसला, तरी त्या हेतूने उभा केलेला स्टँड अडचणीत आणू शकतो. शिक्षेत तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. पोलीस भरती किंवा सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्याने असा गुन्हा अंगावर घेण्यात काहीच शहाणपण नाही.

मग ते व्हिडिओवाले कसे बनवतात? त्यांच्याकडे कायदा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला लायसन्स लागत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरी बिअर बनवणं केंद्राच्या कायद्यात मोकळं झालं. तरी मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी परवानगी द्यायला २०१३ उजाडलं. तिकडे राहणारा तुमचा मावसभाऊ स्टँडचे फोटो टाकत असेल तर तो त्याच्या जागी बरोबर आहे, तुम्ही मात्र कॉपी करू नका. आपल्याकडे ताजी बिअर बनते ती लायसन्सवाल्या मायक्रोब्रुअरीत. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक.

स्टँड काम कसा करतो?

पद्धत साधी आहे. वरच्या पातेल्यात पाणी तापतं. ते मधल्या पातेल्यातल्या भरडलेल्या माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर सोडतात. तिथे साधारण ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवलं की धान्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी खालच्या पातेल्यात उतरवून उकळतात. तिन्ही पातेली पायऱ्यांसारखी एकाखाली एक ठेवली की पाणी आपोआप खाली येतं, पंप लागत नाही.

खरी गोची उंचीची आहे. वीस लिटरच्या बॅचला तीसेक लिटर पाणी लागतं, म्हणजे सगळ्यात वर तीस किलो गरम पाणी, तेही छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर. स्टँड हलला तर थेट अंगावर. म्हणून किराणा दुकानातल्या रॅकचे भोकांचे अँगल नटबोल्टने जोडून काम भागत नाही, तिरपे आधार द्यावेच लागतात. जालना जिल्ह्यात लोखंडाला तोटा नाही, कूलरचे स्टँड आणि ट्रॉल्या बनवणारा कुठलाही फॅब्रिकेटर असा सांगाडा सहज जोडेल. फक्त जस्ताचा थर दिलेला पाइप वेल्डिंगला देऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. आणि बंद खोलीत गॅसची मोठी शेगडी तर अजिबात नको.

आपल्या कामाचा भाग: तापमान कंट्रोल

मला विचाराल तर यातली सगळ्यात भारी गोष्ट बिअर नाहीच. डीएस१८बी२० नावाचा छोटा सेन्सर, एक ईएसपी३२ बोर्ड आणि एक सॉलिड स्टेट रिले. एवढ्यावर पातेल्यातलं तापमान मोबाइलवर दिसतं आणि हीटर आपोआप चालू-बंद होतो. सेन्सरची चूक साधारण अर्ध्या अंशाची. रास्पबेरी पायवर चालणारं क्राफ्टबिअरपाय हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर याच कामासाठी बनलं आहे.

हीच जोडणी दुधाला लागू पडते. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं धरून पटकन थंड केलं की ते पाश्चराइज होतं, आणि दही लावायला ४२ अंशांच्या आसपास तापमान लागतं. घरी दोन म्हशी असतील तर हा प्रोजेक्ट कॉलेजच्या प्रदर्शनातही उठून दिसेल आणि कायद्याचा प्रश्नही येणार नाही. पातेलं एकच लागतं, म्हणून स्टँडही बुटका. दुधाचं पातेलं मात्र थेट तापवू नका, बाहेरच्या भांड्यातल्या पाण्यात ठेवा, नाहीतर तळाला करपेल.

आता विजेचा हिशोब. तीस लिटर पाणी २५ वरून ६७ अंशांवर न्यायला साधारण दीड युनिट वीज लागते. दोन किलोवॉटचा हीटर असेल तर पाऊण तास. पण तो जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो, म्हणून घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट चालणार नाही, १६ अँपिअरचा हवा. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावा, कारण इथे पाणी आणि वीज एकाच जागी आहेत.

रिलेबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा तो बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. ॲपमध्ये हीटर बंद दिसेल आणि पातेलं उकळतच राहील. म्हणून हीटरच्या लाइनवर हाताने पाडता येईल असा वेगळा एमसीबी ठेवा, आणि तो पातेल्यापासून दोन हात लांब, कोरड्या भिंतीवर बसवा.