हार्ट फेल्युअरसोबत जगताना: गोळ्या, वजन, मीठ आणि रुग्णाचे म्हणणे

हार्ट फेल्युअर हा शब्द कागदावर वाचला की घरातल्यांच्या पायाखालची जमीन सरकते. "डॉक्टर, हार्ट फेल झालं म्हणजे आता काय उरलं?" हा प्रश्न मला गडबच्या ओपीडीत अनेकदा ऐकू येतो. म्हणून आधी अर्थ समजून घेऊ. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी पडते. मग पाणी मागे तुंबते: पायांवर सूज येते, फुप्फुसांत पाणी साठून धाप लागते, रात्री आडवे झोपता येत नाही. हार्ट अटॅक हा वेगळा आजार आहे, पण अटॅकमध्ये हृदयाचा मोठा भाग निकामी झाला तर पुढे हार्ट फेल्युअर होऊ शकते. वर्षानुवर्षे अंगावर काढलेला रक्तदाब, मधुमेह, दारू, बाळंतपणाच्या आसपास दुबळे झालेले हृदय आणि लहानपणी सांधेतापाने बिघडलेल्या झडपा ही आपल्याकडची इतर कारणे. सांधेतापाच्या झडपेचे तरुण रुग्ण आपल्या भागात अजूनही दिसतात.

टू-डी इको या तपासणीच्या कागदावर 'ईएफ' असा एक आकडा असतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडते, ते हा आकडा सांगतो. निरोगी माणसातही तो १०० नसतो, साधारण ५० ते ७० असतो. त्यामुळे ३० आला म्हणजे हृदय ३० टक्केच उरले, असा हिशेब करू नका. शिवाय ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकते, कारण काही हृदये नीट आकुंचन पावतात पण ताठर झाल्यामुळे नीट भरत नाहीत. आकड्याइतकेच महत्त्व तुम्ही सांगता त्याला आहे: अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दम लागतो का, रात्री किती उशा लागतात, आंघोळ करून कपडे घालताना बसावे लागते का. यावरूनच आम्ही आजाराची पायरी ठरवतो. हे सांगणारे मशीन नाही.

न विचारलेला प्रश्न

एका आजींचे उदाहरण देतो. वय साठीच्या पुढे, हार्ट फेल्युअर, वर्षात तिसऱ्यांदा सूज आणि धाप घेऊन दाखल. प्रत्येक वेळी मोठ्या दवाखान्यात पाण्याच्या गोळीचा डोस वाढवला गेला आणि केसपेपरवर 'गोळ्या नियमित घेत नाहीत' असा शेरा आला. मीही सुरुवातीला रागावलो होतो. एकदा त्यांची सून बाहेर गेल्यावर आजी हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, ती गोळी घेतली की तासाभरात लघवीला लागते. एसटीत बसल्यावर मी कुठे जाऊ?" बाजाराच्या दिवशी, तपासणीच्या दिवशी, लग्नकार्याच्या दिवशी त्या गोळी घेत नव्हत्या. महामार्गावर गाडी अडकली की दोन तास कसे काढायचे, हा त्यांचा खरा आजार होता. इतक्या डॉक्टरांपैकी एकानेही त्यांना 'का घेत नाही' असे विचारले नव्हते, आणि त्यात मीही आलो.

उपाय साधा निघाला. प्रवासाच्या दिवशी गोळी घरी परतल्यावर, पण दुपारी चारच्या आत घ्यायची. नाहीतर रात्रभर उठावे लागते. त्यानंतरचे वर्ष त्यांनी घरीच काढले. तुमच्या गोळीची वेळ मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारून बदला. गोळी चुकत असेल तर ती का चुकते, हे न लाजता सांगा. पैसे पुरत नाहीत, लघवीची अडचण, गोळीने खोकला येतो, चक्कर येते, पुरुषांमध्ये लैंगिक त्रास होतो, यांतल्या प्रत्येकावर पर्याय असतो. न सांगितलेल्या अडचणीवर कोणीच औषध देऊ शकत नाही.

गोळ्या कशासाठी

ईएफ कमी असलेल्या रुग्णाला आज साधारण चार गटांतली औषधे दिली जातात. रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा ताण कमी करणारे (रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन), ठोके संथ करणारे (मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल), स्पायरोनोलॅक्टोन आणि मूळची मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. "मला शुगर नाही, मग ही गोळी का?" असे विचारून ती बंद करणारे बरेच आहेत. मधुमेह नसला तरी ती हृदयाला मदत करते. ही औषधे आयुष्य वाढवतात, पण त्यांचा गुण हळूहळू दिसतो. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही पाण्याची गोळी दोन दिवसांत सूज उतरवते, म्हणून रुग्णांना तीच 'खरी' वाटते आणि सूज उतरली की बाकीच्या सुटतात. दाखल व्हावे लागण्याचे हे फार मोठे कारण आहे.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन शरीरात पाणी धरून ठेवते आणि किडनीलाही त्रास देते. या गोळ्या टाळा. जाहिरातीतले 'कमी सोडियमचे मीठ' विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोनसोबत ते धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते.

वजनकाटा आणि सुकट

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नाही, पाणी आहे. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काटा सांगतो. वजन वाढलेले दिसले त्याच दिवशी फोन करा.

मीठ दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. त्यात स्वयंपाकातले सगळे आले. आपल्या भागात हे अवघड आहे हे मला कळते. सुकट, बोंबील, खारवलेली मासळी, लोणचे आणि पेणचे पापड यांवरच पावसाळ्याचे जेवण चालते. सुकी मासळी भिजवून, पाणी फेकून केली तरी मीठ पूर्ण जात नाही. ताजी मासळी, तांदळाची भाकरी, आमसुलाचा आंबटपणा, लसूण-मिरची यांवर चव सांभाळता येते. घरात एकट्या रुग्णासाठी वेगळे अळणी शिजवले की तो चार दिवसांत कंटाळतो. सगळ्यांचेच मीठ थोडे कमी करा, वरून घेणाऱ्याने वरून घ्यावे.

तुमचे हक्क कागदावर आहेत

रुग्णांनी आवाज उठवून काय होते याचे एक ठळक उदाहरण स्टेंटचे आहे. एका स्टेंटसाठी लाखाच्या वर रक्कम मोजावी लागत असे. दिल्लीतले वकील बीरेंदर सांगवान यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी किंमत प्राधिकरणाने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३० हजारांवर आणली. सांगवान डॉक्टर नव्हते.

उपचाराआधी त्याची माहिती, पर्याय आणि धोके समजून घेऊन संमती देणे हा तुमचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात तो स्पष्ट केला. वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ पासून आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद लावलेली असली पाहिजे. दाखल असताना ती भिंतीवर शोधा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. अंगीकृत रुग्णालयात पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र योजनेतून सुटत नाही, आणि माझ्या मते खरी गळती तिथेच आहे. जेनेरिक गोळ्या मागा.

एक विषय घरात टाळला जातो. आजार शेवटच्या पायरीला गेला तर व्हेंटिलेटर हवा की नको, हे रुग्णाला शुद्धीवर असताना विचारले पाहिजे. २०१८ च्या निकालानंतर, आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी झाल्यावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेले इच्छापत्र करता येते. त्यांची प्रत सांभाळणारे अधिकारी राज्यात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती. मुलगे म्हणतात, "बाबांना घाबरवू नका." बाबा बहुतेक वेळा त्याचाच विचार करत असतात.

थांबू नका

बसल्या जागी धाप, छातीत दाब किंवा दुखणे, गुलाबी फेसाळ थुंकी, ओठ निळे पडणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला आडवे करू नका, टेकून बसवा. गोळ्यांची यादी आणि शेवटचा इको यांची झेरॉक्स दाराजवळच्या पिशवीत ठेवा, आणि गाडीवाल्याला महामार्गापासून घरापर्यंतची खूण सांगायला एकाला रस्त्यावर उभे करा.