गॅरेजमधली बत्तीस माणसे: घरी जोडलेला संगणक चारचौघांत दाखवण्याचा इतिहास

१) काचेची बाजू असलेले कॅबिनेट, आत रंगीत दिवे, नीट बांधलेल्या तारा आणि खाली सुट्या भागांची यादी. स्वतः जोडलेल्या संगणकाचे असे छायाचित्र आज रोज कोणी ना कोणी मांडत असतो. या हौसेची पहिली मोठी सभा भरली ५ मार्च १९७५ रोजी, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कच्या एका गॅरेजमध्ये. बाहेर पाऊस होता आणि आत बत्तीस माणसे होती. हा थ्रेड त्या सभेतून उभ्या राहिलेल्या 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'विषयी.

२) त्या काळी संगणक ही बहुधा संस्थेची मालमत्ता असे. बँका, विद्यापीठे आणि सैन्यदल यांच्या वातानुकूलित खोल्यांत ती यंत्रे असत. सामान्य वापरकर्ता छिद्रे पाडलेली कार्डे खिडकीतून आत देई आणि उत्तराची वाट पाहत बसे. यंत्राला हात लावण्याचा अधिकार मोजक्यांनाच होता. इंटेलने १९७१ साली ४००४, १९७२ साली ८००८ आणि १९७४ साली ८०८० हे मायक्रोप्रोसेसर बाजारात आणले, तेव्हा या व्यवस्थेला पहिली फट पडली.

३) त्या फटीतून आत शिरले एड रॉबर्ट्स. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की शहरात 'मिट्स' नावाची त्यांची छोटी कंपनी होती. कॅल्क्युलेटरच्या धंद्यातील किंमतयुद्धात ती कर्जबाजारी झाली होती. एका ८०८० चिपची छापील किंमत ३६० डॉलर होती, परंतु रॉबर्ट्स यांनी घाऊक खरेदीत ती ७५ डॉलरला मिळवली. त्यामुळेच 'अल्टेअर ८८००' हा संपूर्ण संच ३९७ डॉलरला विकण्याचे धाडस त्यांना करता आले.

४) जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर झळकला. गंमत अशी की छायाचित्रातील पेटी रिकामी होती. खरा नमुना रेल्वे पार्सलने न्यूयॉर्कला पाठवला असता वाटेतच हरवला, म्हणून घाईघाईने नुसते दर्शनी खोके पाठवण्यात आले. त्या रिकाम्या खोक्याकडे पाहून हजारो लोकांनी पैसे पाठवले. काही शे संच विकले गेले तरी कंपनी तरेल, एवढीच रॉबर्ट्स यांची अपेक्षा होती.

५) ग्राहकाच्या हाती काय पडे? सुटे भाग, सर्किटच्या पाट्या आणि सूचनापत्रे. कीबोर्ड नाही, पडदा नाही. मेमरी २५६ बाइट, म्हणजे आजच्या रीतीने साठवल्यास देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. कित्येक दिवस डाग देत बसावे, चुकलेला सांधा शोधावा आणि पुन्हा डाग द्यावा. एवढे करून यंत्र चालू झालेच, तर पुढच्या पट्टीवरील खटके वर-खाली करून आज्ञा भरायची आणि उत्तर लाल दिव्यांच्या उघडझापीतून वाचायचे.

६) असे यंत्र एकट्याने जोडणे अवघड होते. 'आता याचे करायचे काय?' या प्रश्नाचे उत्तर एकट्याने शोधणे त्याहून अवघड. क्लबची गरज इथे निर्माण झाली. ज्याच्याकडे संच होता त्याला मीटर असलेला शेजारी हवा होता. ज्याला प्रोग्राम लिहिता येई त्याच्याकडे यंत्र नव्हते.

७) या माणसांना एकत्र आणले फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच यांनी. फ्रेंच अभियंते होते आणि गॅरेज त्यांचे होते. मूर हे युद्धविरोधी कार्यकर्ते. १९५९ साली बर्कली विद्यापीठातील सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध त्यांनी उपोषण केले होते. संगणकासारखे सामर्थ्यवान साधन सामान्य माणसाच्या हाती असावे, हा त्यांच्या दृष्टीने राजकीय प्रश्न होता. घरी संगणक बनवणाऱ्यांनी एकत्र यावे, अशी पत्रके त्यांनी सूचनाफलकांवर लावली.

८) पहिल्या रात्री गॅरेजमध्ये एक उसना अल्टेअर मांडला होता. आलेल्यांत ह्युलेट-पॅकार्डच्या कॅल्क्युलेटर विभागातील चोवीस वर्षांचे अभियंते स्टीव्ह वॉझ्नियाक होते. सभा टर्मिनलविषयी आहे अशा समजुतीने ते आले होते, आणि चर्चा मायक्रोप्रोसेसरची निघाल्याने अवघडून गेले. मात्र जाताना एका चिपचे माहितीपत्रक त्यांनी घरी नेले. ते वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, विद्यार्थीदशेत आपण कागदावर जे संगणक रचत होतो, त्यांचेच हे लहान रूप आहे.

९) सभा पंधरा दिवसांनी भरू लागल्या. गर्दी वाढली तशी जागा बदलत गेली आणि पुढे क्लब स्टॅनफर्ड लिनिअर ॲक्सिलरेटर सेंटरच्या सभागृहात स्थिरावला. संचालन ली फेल्सेनस्टाइन करीत. सभेचे दोन भाग असत. आधी प्रत्येकाने उभे राहून आपण काय बनवत आहोत, आपल्याकडे काय आहे आणि काय हवे आहे, ते सांगायचे. मग मोकळा वेळ: ज्याला ज्याच्याशी बोलायचे असेल त्याने त्याला गाठायचे. दाखवण्याचा खरा सोहळा या दुसऱ्या भागात चाले.

१०) सुरुवातीचीच एक सभा पेनिन्सुला स्कूलमध्ये भरली होती. स्टीव्ह डॉम्पियर आपला अल्टेअर घेऊन आले आणि खटक्यांनी एकेक आज्ञा भरू लागले. कोणाचा तरी पाय तारेत अडकला, वीज गेली आणि भरलेले सारे पुसले गेले. डॉम्पियर यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी त्यांनी यंत्राशेजारी एक साधा रेडिओ ठेवला आणि त्यातून बीटल्सच्या 'द फूल ऑन द हिल'ची धून ऐकू येऊ लागली.

११) यंत्राला ध्वनिक्षेपक नव्हता, मग सूर कुठून आले? संगणकातील विद्युतप्रवाह सतत चालू-बंद होत असल्याने बाहेर रेडिओलहरी फेकल्या जातात. घरी एक प्रोग्राम चालू असताना शेजारचा रेडिओ खरखरतो आहे, हे डॉम्पियर यांच्या लक्षात आले होते. एखादी कृती किती वेळा आणि किती वेगाने पुन्हा करवायची हे बदलले की खरखरीचा स्वर बदलतो. यंत्राच्या या दोषातूनच त्यांनी गाणे रचले.

१२) श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या दिल्या. मग अल्टेअरने आपणहून म्हटल्यासारखे 'डेझी' वाजवले. १९६१ साली बेल लॅब्समधील महाकाय संगणकाने म्हटलेले हे गाणे. एके काळी प्रयोगशाळेपुरता असलेला चमत्कार आता शाळेच्या खोलीत, एका माणसाच्या मालकीच्या यंत्रावर घडत होता. डॉम्पियर यांनी तो प्रोग्राम पुढे छापून प्रसिद्ध केला आणि इतरांचे अल्टेअरही गाऊ शकले.

१३) क्लबमध्ये 'दाखवणे' या शब्दाला हा अर्थ होता. जे दाखवले ते देऊनही टाकायचे. कसे केले हे सांगितल्यावाचून केलेले प्रदर्शन तिथे अर्धवट ठरे. वॉझ्नियाक स्वभावाने बुजरे, सभेत हात वर करण्याचेही त्यांना धैर्य होत नसे. सप्टेंबर १९७५ मध्ये विक्रीस आलेली ६५०२ ही स्वस्त चिप घेऊन त्यांनी आपला संगणक बनवला. तो ते सभेत मांडून बसत आणि सर्किटच्या आराखड्याच्या प्रती वाटत. कमीत कमी चिपमध्ये काम साधणे, हीच त्यांची मिरवण्याची गोष्ट होती.

१४) त्यांचे मित्र स्टीव्ह जॉब्स यांनी दुसरीच गोष्ट टिपली. आराखडा घेणारे पुष्कळ, पण जोडत बसायला वेळ असणारे थोडे. पॉल टेरेल यांच्या 'बाइट शॉप'ने जोडलेल्या पन्नास पाट्यांची मागणी नोंदवली. 'ॲपल-१' ६६६.६६ डॉलरला विकला गेला. सुमारे दोनशेच नग बनले. पेटी, कीबोर्ड आणि पडद्याची सोय ग्राहकाने करायची होती, म्हणून कित्येकांनी त्यासाठी लाकडी पेट्या बनवून घेतल्या.

१५) देण्या-घेण्याच्या या रीतीवरून पहिला मोठा वाद प्रोग्रामच्या बाबतीत पेटला. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी 'बेसिक' ही भाषा तयार केली होती. जून १९७५ मध्ये मिट्सची फिरती गाडी पालो आल्टोच्या एका हॉटेलात आली असता बेसिकची एक छिद्रांकित कागदी फीत कोणीतरी उचलली. तिच्या डझनावारी प्रती क्लबमध्ये वाटल्या गेल्या. अट एकच: एक नेणाऱ्याने दोन प्रती करून आणाव्यात.

१६) ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख घालून गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. त्यांचा हिशेब असा: बेसिक तयार करताना वापरलेल्या संगणकवेळेचे मोल ४० हजार डॉलरहून अधिक, अल्टेअरधारकांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी ते विकत घेतलेले, आणि श्रमाचा मोबदला तासाला दोन डॉलरहूनही कमी. या प्रकाराला त्यांनी स्पष्ट शब्दांत चोरी म्हटले. फुकट काम करणे कोणाला परवडेल, हा त्यांचा प्रश्न होता.

१७) क्लबच्या परिसरातून संतप्त पत्रे निघाली. टिकाऊ उत्तर मात्र कामातून आले. 'टायनी बेसिक' या छोट्या आवृत्तीचा आराखडा आधीच प्रसिद्ध झाला होता. त्यावरून अनेकांनी आपापल्या आवृत्त्या लिहिल्या. टॉम पिटमन यांनी आपली आवृत्ती पाच डॉलरला विकली, एवढ्या स्वस्तात की नक्कल करण्याचे कारणच उरू नये. ली-चेन वाँग यांनी १९७६ साली आपल्या आवृत्तीवर 'कॉपीराइट'ऐवजी थट्टेने 'कॉपीलेफ्ट' असे छापले. पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत हाच शब्द गंभीर अर्थाने रुजला.

१८) या वादात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. वॉझ्नियाक आराखडे वाटू शकत होते, कारण महिन्याचा पगार ह्युलेट-पॅकार्डकडून येत होता. गेट्स आणि ॲलन यांच्या धंद्याला तसा आधार नव्हता. त्याची कमाई त्या फितीवर होती. फुकट देण्यालाही कुठून तरी पोटाची सोय लागते. दुसरीकडे, ज्यांनी फिती वाटल्या त्यांच्यामुळेच बेसिक घरोघरी पोचले आणि पुढे त्याला गिऱ्हाईक मिळाले. दोन्ही बाजूंना सत्याचा अंश होता आणि म्हणूनच तो वाद आजही मिटलेला नाही.

१९) एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर' भरला. सुमारे १३ हजार लोक आले. फेल्सेनस्टाइन यांनी रचलेला, दोन्ही बाजूंना अक्रोडाचे लाकूड लावलेला 'सोल-२०' आदल्याच वर्षी आला होता. इथे मांडला गेला प्लास्टिकच्या पेटीतला 'ॲपल-२'. डाग देण्याची गरज नव्हती. तरीही त्याचे झाकण हाताने उघडता येई आणि आत जादा पाट्यांसाठी आठ खाचा होत्या. त्या राखण्याचा आग्रह वॉझ्नियाक यांचा होता. १९८४ च्या मॅकिंटॉशची पेटी उघडायला मात्र लांब दांड्याचा खास पेचकस लागे.

२०) होमब्रूमधून वीसहून अधिक कंपन्या निघाल्या. जसजशी धंद्याची गुपिते वाढली, तसतसे सभेत मोकळेपणाने बोलणे अवघड होत गेले. मूर तर पहिल्याच वर्षी दूर झाले होते. डिसेंबर १९८६ मध्ये क्लबची शेवटची सभा भरली. बंद पेट्यांच्या त्या काळात जोडणीचा छंद वाचला तो अनपेक्षित मार्गाने. १९८१ च्या पीसीचे सर्किट-आराखडे आयबीएमने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले होते. त्यावर बेतलेल्या यंत्रांमुळे एकमेकांत बसणाऱ्या सुट्या भागांची जागतिक बाजारपेठ उभी राहिली.

२१) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणून 'असेंबल' केलेला पीसी मराठी घरांत आला, तो याच बाजारपेठेमुळे. आजचा मदरबोर्ड डाग न देता बसवता येतो आणि प्रोसेसर आतून कसा आहे हे कोणाला उघडून पाहता येत नाही. काचेआड दिसते ती मांडणी. तरीही छायाचित्राखाली कोणी भागांची पूर्ण यादी, आलेल्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय लिहितो, आणि ते वाचून कोणी अनोळखी मुलगा आपला पहिला संगणक जोडतो, तेव्हा मेन्लो पार्कच्या गॅरेजमधली ती रीत पुन्हा पाळली जाते.

(समाप्त)