वऱ्हाडातील ‘विश्राम’

शेतकरी आत्महत्यांची चर्चा वऱ्हाडात कर्ज आणि पाऊस यांभोवतीच फिरत राहिली. नैराश्य हा आजार मात्र दुर्लक्षित राहिला. मनोविकारतज्ज्ञ शहरात, रुग्ण खेड्यात, अशी स्थिती होती. ‘विश्राम’ उपक्रमाने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखण्याचे व समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. आरंभी नैराश्यग्रस्तांपैकी अवघे ४.३ टक्के उपचार घेत. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले. दरम्यान, २०१५ मध्ये राज्य शासनाने अमरावती-अकोल्यासह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आरंभला. घरोघरी जाण्याचे काम आशा सेविकांकडे आले. दारात येणाऱ्या सेविकेला नैराश्याची लक्षणे ठाऊक असली, तरच रुग्ण वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचतो.